गेल्या वर्षीची मी

वर्ष सरत आले की आपण किती बदललो याचा हिशेब मांडण्याची सवय आता सर्वत्र रुळली आहे. पण हा हिशेब कोणत्या वहीवरून मांडायचा, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा वही नसतेच, केवळ आठवण असते. ‘वर्षापूर्वी मी अशी होते आणि आज अशी आहे’ या वाक्याचा उत्तरार्ध निदान आजूबाजूच्या माणसांकडून तपासून घेता येतो. पूर्वार्ध मात्र सर्वस्वी आठवणीच्या भरवशावर असतो, आणि आपण सुधारलो आहोत हे ऐकायला उत्सुक असलेल्या माणसाची आठवण काही तटस्थ साक्षीदार नसते. या वर्षाबद्दल लिहायला बसले तेव्हा माझ्याजवळ आठवणीखेरीज एक लेखी पुरावाही होता. त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहायचे आहेच. आधी वर्षभरात काय घडले ते सांगते.

वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत बाबा गेले. आजारपण फार लांबले नाही, आणि ते लांबले नाही याचे समाधान मानावे की दुःख, हे आम्हां कोणालाच अजून ठरवता आलेले नाही. आई एकटी राहू नये म्हणून मी माझे बिऱ्हाड मोडले, तिनेही जुने घर सोडले, आणि आम्ही दोघी एका नव्या, लहान घरात राहायला आलो. वर्षाच्या उत्तरार्धात, जिथे उमेदीची जवळजवळ सगळी वर्षे गेली ती नोकरी मी सोडली आणि घरूनच स्वतंत्रपणे काम सुरू केले. राजीनामा मी दिला हे खरे. परंतु आमचा विभाग आटोपता घेण्याचे वरच्या पातळीवर आधीच ठरलेले होते, तेव्हा त्यात माझे धाडस किती आणि परिस्थितीचा रेटा किती, हे ऐकणाऱ्याने आपापल्या स्वभावानुसार ठरवावे. लोकांना धाडसाची गोष्ट अधिक आवडते, असा माझा अनुभव आहे.

अशा घटनांची मोजदाद करण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली केला. आयुष्यात घडू शकणाऱ्या ४३ घटनांची यादी करून, त्यांतील प्रत्येक घटनेशी जुळवून घेणे माणसाला किती जड जाते, याचे गुण त्यांनी अनेक लोकांना विचारून ठरवले. लग्नाला एक ठरावीक आकडा देऊन बाकीच्या घटना त्याच्या तुलनेत तोलायला सांगितल्या होत्या. त्यातून तयार झालेल्या तक्त्यात जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३, जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूला ६३, लग्नाला ५०, वेगळ्या प्रकारचे काम पत्करण्याला ३६ आणि राहते घर बदलण्याला २० असे गुण आहेत. त्यात चांगल्या आणि वाईट घटनांचा भेद केलेला नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोठे वैयक्तिक यश पदरी पडले तरी २८ गुण मोजावे लागतात, सुट्टीवर गेले तरी १३. बदल सुखाचा असो वा दुःखाचा, त्याच्याशी जुळवून घेताना शरीरमनाला झीज सोसावी लागतेच, हे त्या तक्त्याचे मूळ गृहीतक आहे. मी माझ्या वर्षाची बेरीज करून पाहिली. आर्थिक स्थिती, राहणीमान आणि झोपेच्या वेळा यांतले बदल धरून ती दोनशेच्या अगदी जवळ गेली. तीनशेच्या वर धोका बराच वाढतो असे तो तक्ता सांगतो, म्हणजे मी मधल्या पट्टीत होते.

या तक्त्याच्या मर्यादा उघड आहेत. ज्या वडिलांशी वर्षानुवर्षे बोलणे नव्हते त्यांचे जाणे आणि ज्यांच्याशी रोज संध्याकाळी फोनवर अर्धा तास निरर्थक गप्पा होत त्यांचे जाणे, या दोन्हींना तिथे एकच आकडा मिळतो. तरीही वर्षाच्या मध्यावर, कारण नसताना थकवा येत होता, साध्यासाध्या गोष्टींवरून आवाज चढत होता आणि माझे माझ्याच विषयीचे मत दिवसेंदिवस खालावत होते, तेव्हा या रूक्ष आकड्यांचा मला आधार वाटला. माझ्या स्वभावात काही बिघाड झाला आहे असे मानण्याऐवजी, थोड्या काळात बरेच काही अंगावर आले आहे असे मानण्याची मोकळीक त्यांनी मला दिली. मानसशास्त्राच्या लोकप्रिय मांडणीत अशी मोकळीक फार क्वचित मिळते. तिथे बहुधा दुसऱ्याच दिवसापासून काय शिकलात, असे विचारले जाते.

बाबांच्या जाण्याबद्दल फार लिहिण्याचा माझा विचार नाही. पण त्यांच्या टेबलाच्या खणाविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येणार नाही. जुने घर रिकामे करताना तो खण माझ्या वाट्याला आला. त्यात जुन्या नंबरांचे चश्मे होते, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्यांचा जुडगा होता, शाई वाळलेली पेने होती आणि एक छोटी वही होती. वहीत भिंतीवरच्या घड्याळाचा सेल कधी बदलला त्याच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या होत्या, बाकी काहीही नाही. पहिल्या पानावरचे अक्षर ताठ, रेखीव, आकड्यांच्या खाली बारीक रेघ ओढलेली; पुढेपुढे रेघा गेल्या, अक्षर मोठे झाले, आणि शेवटची तारीख दोन वेळा गिरवलेली. माणूस थकत जातो हे आपण त्याच्या चेहऱ्यावर पाहत असतो असे आपल्याला वाटते, परंतु रोज पाहिल्यामुळेच ते दिसत नाही. मला ते त्या वहीत, उभ्याउभ्या, पाचदहा मिनिटांत दिसले. भावाचे म्हणणे होते की वही ठेवायची असेल तर मग चश्मेही ठेवायला हवेत, आणि चश्मे ठेवायचे तर मग सगळेच; त्यावरून आमचे दोघांचे चांगलेच वाजले. शेवटी वही माझ्याकडे आली, किल्ल्यांचा जुडगा त्याने नेला, आणि त्या किल्ल्या कशाच्या आहेत हे त्यालाही माहीत नाही.

शोकाच्या पाच पायऱ्यांविषयी या काळात मला अनेकांनी सांगितले. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार या पाच अवस्था एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या, पण त्या मुळात मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून, म्हणजे स्वतःच्या मरणाला सामोरे जाणाऱ्या माणसांविषयी, मांडलेल्या होत्या. मागे राहिलेल्यांना त्या जिन्यासारख्या लागू करण्याची रीत नंतर पडली. माझ्या बाबतीत असा कोणताही जिना नव्हता. सकाळी बँकेतल्या नामनिर्देशनाच्या कागदांवर सह्या करताना मी पूर्णपणे शुद्धीवर, किंबहुना नेहमीपेक्षा जास्त तत्पर असे. दुपारी एखादा फॉर्म भरताना ‘वडिलांचे नाव’ या रकान्यापाशी हात थांबे, आणि मग उरलेला दिवस कामाचा राहत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद, झेरॉक्स, रांगा.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट या नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९९ साली मांडलेली दुहेरी प्रक्रियेची कल्पना मला यापेक्षा कितीतरी जवळची वाटली. त्यांच्या मते शोक करणारा माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो: एकीकडे गेलेल्या माणसाची ओढ आणि त्याचे दुःख, दुसरीकडे त्याच्या जाण्याने अंगावर पडलेली नवी कामे, नव्या भूमिका, व्यवहार. ही ये-जा हे असमतोलाचे लक्षण नसून सावरण्याची रीतच तशी असते, आणि मधूनमधून दुःखापासून सुट्टी घेणेही त्यातच येते. हे वाचल्यानंतर मी एक गोष्ट सोडून दिली: रांगेत उभी असताना शेजारच्या माणसाच्या विनोदावर हसू आले की लगेच मनाला लागणारी टोचणी. या वर्षात जे काही जाणीवपूर्वक बदलले त्यात हे एक निश्चित आहे, आणि ते वाचनामुळे झाले, माझ्या कोणत्याही अंगभूत शहाणपणामुळे नव्हे.

घर बदलण्याविषयी थोडक्यात. जुन्या घरात दिव्याचे बटण कुठे आहे हे हाताला माहीत होते. नव्या घरात कित्येक रात्री मी भिंतीवर हात फिरवत उभी राहिले. पण हेच अडखळणे एका बाबतीत उपयोगी पडले. आपल्या सवयी आपल्या निश्चयापेक्षा आपल्या जागेला अधिक चिकटलेल्या असतात. वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून दाखवले होते की व्यायाम, वर्तमानपत्र वाचणे किंवा टीव्ही पाहणे यांसारख्या सवयी नव्या जागी परिस्थिती सारखीच असेल तर टिकतात, आणि परिस्थिती बदलली की त्यांची आपोआप चालण्याची ताकद ओसरते. झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल पाहण्याची माझी सवय अशीच गेली, कारण नव्या खोलीत पलंगाजवळ चार्जिंगची सोय नव्हती. ती करून घेणे फार अवघड नव्हते. मी मुद्दामच करून घेतली नाही. मनोनिग्रहाचे श्रेय मला घेता येणार नाही. ते वायरिंग करणाऱ्याचे आहे.

सकाळी चालायला जाण्याची सवय मात्र लावावी लागली. एकवीस दिवसांत सवय लागते हा समज मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या एका निरीक्षणातून पसरला. त्यांचे म्हणणे एवढेच होते की शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. ‘किमान’ गळून पडले आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. मला त्यातली आणखी एक नोंद अधिक मोलाची वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षणीय फरक पडत नाही. पूर्वी एक दिवस खंड पडला की मी तो उपक्रमच बंद करत असे. या खेपेस खंड पुष्कळ पडले आणि चालणेही सुरू राहिले.

नोकरी गेल्याचा परिणाम मला वाटला होता त्या ठिकाणी झाला नाही. पैशांची ओढाताण होईल अशी धास्ती होती. ती झाली, पण तिची तयारी केलेली असल्यामुळे निभावले. ज्याची तयारी केली नव्हती तो प्रश्न साधा होता: नव्या ओळखीच्या माणसाने ‘आपण काय करता?’ असे विचारल्यावर काय सांगायचे. इतकी वर्षे त्याचे उत्तर दोन शब्दांत, हुद्दा आणि संस्थेचे नाव घेऊन, संपत असे. ऐकणाऱ्याला माझी उंची कळत असे आणि मलाही. आता उत्तर द्यायला चार वाक्ये लागू लागली, आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत समोरच्याचे लक्ष उडालेले दिसू लागले. नोकरीतल्या त्रासाविषयी मी भरपूर तक्रारी केल्या असतील, परंतु माझ्या स्वाभिमानाचा केवढा मोठा भाग त्या हुद्द्याच्या टेकूवर उभा होता, हे टेकू काढल्यावरच दिसले. अजूनही तो टेकू हवाहवासा वाटतो. वर्षभरात त्यातून मी पार पडले असे म्हणायचा मोह होतो, पण तसे झालेले नाही. फक्त आता चार वाक्यांऐवजी दोनच बोलते आणि तिसरे समोरच्याने विचारले तर.

आता त्या कागदाविषयी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, बाबा अजून होते तेव्हा, एका मैत्रिणीच्या आग्रहावरून मी स्वतःचे वर्णन लिहून पाकिटात बंद करून ठेवले होते. संकल्प लिहायचे नाहीत, आज मी कशी आहे तेवढेच लिहायचे, अशी तिची अट होती. घर बदलताना ते पाकीट हरवले असावे अशी माझी समजूत होती. डिसेंबरात ते कागदपत्रांच्या फाइलीत सापडले. उघडण्याआधी मी एक गोष्ट केली: वर्षापूर्वी मी कशी होते असे आज मला वाटते, तेही वेगळ्या कागदावर लिहून काढले. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले.

डिसेंबरच्या कागदात वर्षापूर्वीची मी भित्री, निर्णय टाळणारी, कोणालाही ‘नाही’ म्हणता न येणारी आणि प्रत्येक व्यवहारासाठी बाबांना फोन करणारी अशी होते. जानेवारीच्या कागदातली बाई मला ओळखूच आली नाही. तिने लिहिले होते की विभागाचे दिवस भरत आले आहेत हे तिला दिसते आहे आणि बाहेर पडण्याची तयारी तिने सुरू केली आहे. तिने लिहिले होते की गेल्या काही महिन्यांत ती जादा कामाला स्पष्ट नकार देऊ लागली आहे आणि त्याचे तिला बरे वाटते आहे. आणि बाबांविषयी तिचे एक वाक्य असे होते: ‘आता विचारायला ते मला फोन करतात, आणि त्यांना ते आवडत नाही, म्हणून मी विचारायला फोन केल्यासारखे दाखवते.’ हे वाक्य वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. ते रोजचे फोन मला आठवत होते. ते कोण कोणासाठी करत होते, हे वर्षभरात माझ्या आठवणीने पार उलटे करून टाकले होते. बाबांच्या पश्चात मी खंबीर झाले, अशी एक गोष्ट मी मनात रचली होती. त्या गोष्टीला शोभेल अशी दुबळी नायिका आठवणीने पुरवली होती.

मानसशास्त्राला हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. मायकेल कॉनवे आणि मायकेल रॉस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना अभ्यासकौशल्य वाढवणाऱ्या वर्गात घेतले आणि काहींना प्रतीक्षायादीत ठेवले. सुरुवातीलाच सर्वांनी स्वतःच्या अभ्यासकौशल्याला गुण दिले होते. वर्ग संपल्यावर ‘सुरुवातीला तुम्ही स्वतःला किती गुण दिले होते?’ असे विचारले, तेव्हा वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्षात दिले होते त्यापेक्षा कमी गुण आठवून सांगितले; प्रतीक्षायादीतल्यांच्या आठवणीत असा एका बाजूला झुकणारा बदल दिसला नाही. वर्गाचा परीक्षेतील गुणांवर परिणाम झालेला नव्हता, तरी सुधारणा झाल्याची भावना मात्र पक्की होती, कारण सुधारणेला लागणारी खालची पायरी आठवणीने मागाहून बांधून दिली होती. पुढे २००१ साली अ‍ॅन विल्सन आणि मायकेल रॉस यांनी दाखवले की माणसे आपल्या दूरच्या भूतकाळातल्या रूपाविषयी अधिक कठोरपणे बोलतात, आणि त्यातून आजचे रूप उजळून निघते.

संकटातून माणूस घडतो, या समजुतीलाही हीच कसोटी लावलेली आहे. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी १९९६ साली आघातानंतरच्या वाढीचे मोजमाप करणारी २१ विधानांची प्रश्नावली तयार केली. नाती, नव्या शक्यता, स्वतःचे सामर्थ्य, आध्यात्मिक बदल आणि आयुष्याची किंमत कळणे अशी तिची पाच अंगे आहेत. तिच्यात आघातानंतर आपण किती बदललो हे माणसालाच विचारले जाते, म्हणजे पुन्हा आठवणीवरच भिस्त. पॅट्रिशिया फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली याची वेगळ्या मार्गाने पडताळणी केली: विद्यार्थ्यांची मोजमापे आधीच घेऊन ठेवली, मधल्या काळात ज्यांच्यावर आघात झाला त्यांची पुन्हा घेतली, आणि प्रत्यक्ष फरक व सांगितलेली वाढ यांची तुलना केली. दोन्हींचा मेळ बहुतांशी बसला नाही. याचा अर्थ वाढ होतच नाही असा काढणे चुकीचे ठरेल. आपण जिथे ती झाली असे सांगतो तिथे ती असेलच असे नाही, एवढाच तो अर्थ आहे. मला स्वतःला हे वाचून निराशा आली नाही. उलट, प्रत्येक दुःखातून काहीतरी पदरात पाडून घेतलेच पाहिजे, हा जो एक नवा धाक आजकाल घातला जातो, तो थोडा सैल झाल्यासारखे वाटले. बाबांचे जाणे ही माझ्या प्रगतीसाठी झालेली घटना नव्हती.

जानेवारीच्या कागदाने काही तोटेही दाखवले, जे आठवणीने सोयीस्करपणे गाळले होते. त्या वेळी मी एक नवी भाषा शिकत होते आणि सोपे लेख वाचण्यापर्यंत मजल गेली होती. आज त्यातले निम्मेही येत नाही. ज्या मैत्रिणीने तो कागद लिहायला लावला तिच्याशी तेव्हा दर आठवड्याला बोलणे होत असे. आता कधीतरी एखादा निरोप जातो. भांडण झाले नाही, काही बिनसले नाही. बाबांच्या आजारपणात तिचे फोन घेता आले नाहीत, नंतर परत करायचे राहिले, आणि जितके राहिले तितके करणे अवघड होत गेले. वर्षाच्या हिशेबात अशा गोष्टींना रकानाच नसतो, कारण त्यांची कोणती एक तारीख सांगता येत नाही.

मग खरे काय बदलले? दोन्ही कागद पुन्हापुन्हा वाचल्यावर एकच बदल मला निःसंशय दिसतो, आणि डिसेंबरच्या कागदात त्याचा उल्लेखही नव्हता. जानेवारीच्या कागदात आईविषयी एकच वाक्य आहे: ‘आई बरी आहे.’ बाबांविषयी अर्धे पान, कामाविषयी त्याहून जास्त, आणि आईविषयी हे तीन शब्द. तेव्हा ते पुरेसे वाटले असणार, कारण आई बरी असे आणि घरातल्या कोणत्याही बातमीच्या शेवटी तीच बातमी असे.

आज मला तिच्याविषयी किती लिहिता येईल, याचे मलाच आश्चर्य वाटते. ती वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचते. बँकेतली पत्रे ती आधी मोठ्याने वाचते, मग मनात, आणि शंका आली तर तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. व्यवहारातले तिला काही कळत नाही ही आम्हां भावंडांची समजूत एका दुपारीच निकालात निघाली, कारण एका कागदावरची नावातली चूक माझ्या आणि तिथल्या अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटली होती, तिच्या नाही. जुन्या घराच्या भिंतींचा फिकट हिरवा रंग तिला कधीच आवडत नव्हता. नव्या घरासाठी मी उत्साहाने तोच रंग सुचवला, तिला जुन्या घरासारखे वाटावे म्हणून, तेव्हा ती म्हणाली, “अगं, तो तुझ्या बाबांचा. मला विचारलं होतं कुणी?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच मला काय बोलावे ते कळेना. भिंती आता पांढऱ्या आहेत. आम्हां दोघींचे पटते असे मात्र कोणी समजू नये. सकाळी रेडिओचा आवाज किती असावा यावरून आमचे आठवड्यातून दोनदा तरी खटके उडतात, आणि मी घरी बसून करते ते काम खरे काम आहे, हे तिने अजून पूर्णपणे मान्य केलेले नाही.

या बदलाला वाढ म्हणावे का, मला सांगता येत नाही. त्यात माझा गुण विशेष काही नाही; एका छपराखाली राहिल्यावर माणूस दिसू लागते. परंतु तपासून पाहता येण्याजोगा असा हा एकच बदल माझ्या हाती आहे, आणि खंबीर झाल्याच्या गोष्टीपेक्षा मला तो जास्त विश्वासार्ह वाटतो.

पुढच्या वर्षासाठी नवा कागद मी लिहून ठेवला आहे, या वेळी थोड्या वेगळ्या रीतीने. जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी १८ ते ६८ वर्षे वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांकडून माहिती घेऊन २०१३ साली दाखवले होते की प्रत्येक वयातील माणसे मागच्या दहा वर्षांत आपण खूप बदललो असे सांगतात, पण पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही असे गृहीत धरतात. त्यामुळे पुढच्या वर्षी मी कशी असेन याचे भाकीतही मी या वेळी लिहिले आहे. विशेषणे मुद्दाम टाळली. ‘मी धीट आहे’ किंवा ‘मी उतावीळ आहे’ असे काही न लिहिता, गेल्या महिन्यात कोणाला नकार दिला, कोणाचा फोन परत केला नाही, कशावरून रडू आले, कोणत्या कामाला सर्वांत जास्त वेळ गेला, असे प्रश्न घालून त्यांची उत्तरे लिहिली, कारण पुढच्या डिसेंबरातल्या माझ्या आठवणीला विशेषणे वळवता येतील, हे प्रसंग तितक्या सहजासहजी वळवता येणार नाहीत. आईविषयी दोन पाने झाली.

आईलाही तिचे वर्णन लिहायला सांगून पाहिले. तिने विषय टाळला, मग दुसऱ्या दिवशी कोरा कागद मागून घेतला. त्यावर काही लिहिले की नाही, ते तिने सांगितलेले नाही. भावाला प्रश्नांची यादी वाचून दाखवली तेव्हा तो म्हणाला, “ताई, यात एक प्रश्न कमी आहे. तुझ्याबद्दल बाकीच्यांची काय तक्रार आहे, ते लिही. आणि ते तू नको, आम्ही लिहू.” मी त्याला अर्धे पान दिले. त्याला ते पुरले नाही.